नववा महिना आणि पारावरचा पिंपळ: बाळाची वाट पाहताना निसर्गात आधार कसा शोधावा

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी भीतीच आली. रिपोर्ट चांगले होते, डॉक्टर दर भेटीत 'काळजीचं काही नाही' म्हणत होत्या, आई आणि सासूबाई दोघी आळीपाळीने जवळ होत्या. तरी सातवा लागल्यापासून रात्री दोन वाजता जाग यायची आणि पोटावर हात ठेवून मी बाळाच्या हालचालीची वाट पाहत पडून राहायची. पोथी वाचायला घेतली तर चार ओव्यांत मन भरकटायचं. कोणी काही समजवायला लागलं की डोळे भरून यायचे.

मला आधार मिळाला तो कोथरूडमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाखाली. मार्चपासून जूनपर्यंत जवळजवळ रोज मी तिथे जाऊन बसले. त्या चार महिन्यांत जे जमलं आणि जे चुकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून हे सुरू करता येतं. नववा लागला असला तरी उशीर झालेला नाही.

पायरी १: आधी डॉक्टरांना विचारा

रोज किती चालायचं, चढ-उतार चालेल का, एकटीने बाहेर जाऊ का, हे तीन प्रश्न पुढच्या तपासणीत विचाराच. वार खाली असेल, बीपी वाढलेलं असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा आराम सांगितला असेल तर चालणं सोडून द्या आणि थेट सातवी पायरी वाचा, ती तुमच्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट मनात पक्की ठेवा. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात अचानक सुजले किंवा ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, तर झाडाखाली बसून मन शांत करण्याची ती वेळ नव्हे. लगेच दवाखान्यात फोन करा आणि निघा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन लावा. श्रद्धा असणाऱ्या बाईनेही यात एक मिनिट घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

पायरी २: एकच झाड निवडा, आणि ते घराजवळचं असू द्या

मी आधी चूक केली ती इथे. पहिल्या रविवारी आम्ही खूप लांब, मोकळ्या रानात जायचं ठरवलं. ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, पाठ धरली, लघवीला जायची सोय नव्हती. शांती राहिली बाजूला, मी रडत परत आले. या दिवसांत दर तासाला बाथरूम लागतं, हे कुठल्याही सुंदर जागेपेक्षा मोठं सत्य आहे. म्हणून झाड असं हवं की घरून निघून, बसून, परत यायला अर्धा-पाऊण तास पुरेल.

पुण्यात अजून असं झाड मिळतं. जुन्या पेठांमध्ये देवळाच्या आवारात पिंपळ किंवा औदुंबर असतो. कॉलन्यांच्या रस्त्यांवर बुच, बहावा, ताम्हण, सोनमोहर आहेत. सोसायटीच्या आवारातला बकुळ किंवा कडुनिंबही चालेल. देवाचं झाड असावं असा नियम नाही. मात्र बसायला टेकण्याजोगी जागा हवी आणि पायाखालची जमीन सपाट हवी. पार फार बुटका असेल तर शेवटच्या महिन्यांत उठताना त्रास होतो, मी घडीचं स्टूल न्यायला लागले.

आमच्या पिंपळाखाली रोज पहाटे झाडायला एक मावशी यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "कितवा?" मी म्हटलं, सातवा. "मग उभ्या नका राहू, बसा." दुसऱ्या दिवसापासून पाराचा एक कोपरा त्या माझ्यासाठी आधी झाडून ठेवायच्या. आमचं यापलीकडे फारसं बोलणं झालं नाही. पण सकाळी सहाला कुणीतरी आपल्यासाठी जागा झाडून ठेवलेली आहे, या विचाराने मी कितीतरी रात्री पार केल्या.

पायरी ३: वेळ आणि ऋतू सांभाळा

उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेसात ही वेळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अकरा ते चार बाहेर पडूच नका. संध्याकाळी जायचं तर ऊन उतरल्यावर, पण डास वाढायच्या आत परत या. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात झिकाचे रुग्ण सापडले होते आणि त्यांत गरोदर बायकाही होत्या. डेंग्यू तर दर पावसाळ्यात असतोच. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, पायमोजे घाला आणि अंगाला काय लावलेलं चालेल ते डॉक्टरांकडून विचारून घ्या. पावसात शेवाळलेल्या फरशीवरून जाण्यापेक्षा त्या दिवशी गॅलरीतूनच झाड पाहा.

पिशवीत पाण्याची बाटली, एखादा राजगिऱ्याचा लाडू, फोन आणि फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो असू द्या. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. पहाटे भटकी कुत्री असतील तर कुणालातरी सोबत घ्या.

पायरी ४: झाडाखाली बसल्यावर काय करायचं

इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण 'निसर्गात जा, बरं वाटेल' असं सगळेच सांगतात, पण बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत फोन हातात येतो.

आल्यावर खोडाला हात लावा. आमच्याकडे झाडाला हात लावून तो हात कपाळाला लावायची रीत आहे, तेवढं पुरे. मग पाठ टेकून बसा. उताणं झोपू नका. शेवटच्या महिन्यांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि चक्कर येऊ शकते. एक हात पोटावर ठेवा.

पहिली पाच मिनिटं फक्त श्वास. चार आकडे मोजत आत घ्या, सहा आकडे मोजत बाहेर सोडा. मध्ये रोखून धरू नका. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके आपोआप थोडे संथ होतात, शरीराची रचनाच तशी आहे. आकडे नको असतील तर नाम घ्या. मी आत घेताना 'राम कृष्ण' आणि सोडताना सावकाश 'हरी' म्हणायची. माझ्या शेजारची मैत्रीण तिच्या पद्धतीने कलमा म्हणते, आणखी कुणी नुसतं 'बाळा' म्हणेल. ज्या शब्दावर तुमचा जीव आहे तो घ्या.

पुढची पाच मिनिटं कान द्या. सगळ्यांत लांबचा आवाज कोणता, मग त्याहून जवळचा, मग आपल्या डोक्यावरचा. सुरुवातीला रिक्षा आणि टँकरच ऐकू येतील. येऊ द्या. हळूहळू त्यांच्याखालून दुसरं काही वर येतं. पिंपळाची पानं वारा जाणवत नसतानाही हलतात, देठ लांब आणि बारीक असतो म्हणून. डोळे मिटले की लांब कुठे पाऊस पडतोय असं वाटतं. मार्चमध्ये तांबट सारखा ओरडत असतो, एका लयीत टुक्-टुक्-टुक्, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. हा चिमणीएवढा हिरवा पक्षी दिसायला कठीण, ऐकायला सोपा. त्याची ती न चुकणारी लय ऐकली की मला तपासणीच्या खोलीत मशीनमधून ऐकू येणारे बाळाचे ठोके आठवायचे. ते बहुधा याहून थोडे भरभर पडत असतात, मिनिटाला ११० ते १६०. पण दोन्हींत एक गोष्ट तीच, माझ्या काळजीवाचून ते चाललेले असतात.

शेवटची पाच मिनिटं पाहा. रोज एकच फांदी. मी खालची पूर्वेकडची फांदी धरली होती. होळीच्या सुमारास तिच्यावर एकही पान नव्हतं. मग टोकाला निमुळत्या कळ्या आल्या, त्यांतून तांबूस, ओलसर चमकणारी, इतकी पातळ पानं बाहेर पडली की उन्हात शिरा मोजता याव्यात. दहा-बारा दिवसांत ती पोपटी झाली, मे लागेपर्यंत गडद. त्याच आठवड्यांत माझं पोट रोज थोडं पुढे येत होतं. कुणालाच घाई नव्हती, आणि कुणी थांबलेलंही नव्हतं. ही गोष्ट मला शंभर जणांनी शब्दांत सांगितली होती, पटली मात्र फांदी पाहून.

पायरी ५: बाळाला तिथेच काहीतरी सांगा

साधारण पंचवीस आठवड्यांनंतर पोटातलं बाळ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं आणि आईचा आवाज त्याला जन्मानंतर ओळखू येतो. तेव्हा लाजू नका. मोठं काही म्हणायची गरज नाही. 'आज भारद्वाज दिसला', 'आज बहावा फुलला, सगळा रस्ता पिवळा झालाय' एवढं पुरे. माझ्या नवऱ्याला बोलायचं सुचायचं नाही, तो पोटाशी वाकून फक्त त्या दिवशी कुठले पक्षी ऐकले त्यांची यादी वाचायचा. त्याच्यासाठी तीच प्रार्थना होती असं मी समजते.

पायरी ६: शकुन शोधू नका

ही पायरी मला सगळ्यांत महाग पडली.

एप्रिलमध्ये आमच्या गॅलरीतल्या जाईच्या वेलात बुलबुलाने घरटं केलं. बारीक काड्या, कोळ्याचं जाळं, आत मऊ धागे, सगळं मिळून वाटीएवढं. तीन अंडी होती, फिकट गुलाबी, त्यांवर लालसर ठिपके. मी पिंपळाखालून आले की आधी तिकडे डोकवायची. 'आपली दोघींची वेळ जवळजवळ एकच' असं म्हणायला लागले आणि नकळत मनात गाठ बांधली, हिची पिल्लं सुखरूप निघाली की माझंही सगळं नीट होणार.

आठव्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. कावळ्याने अंडी नेली होती. एक कवच खाली कुंडीत पडलेलं. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला उठवेना. सासूबाई आल्या, त्यांनी कवच उचललं नाही की मला समजावलं नाही, आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "सूनबाई, ते तिचं घरटं. तुझं नशीब तिच्या घरट्यात नको ठेवूस. तिला तरी किती ओझं?"

मे महिन्यात त्याच वेलात, वीतभर वरच्या बाजूला, बुलबुलाने पुन्हा घरटं बांधलं. या वेळी मी अंडी मोजायला गेले नाही.

म्हणून सांगते. रात्री पिंगळा ओरडला, टिटवी डोक्यावरून गेली, तुळस सुकली, कुंडीतलं रोप मेलं, यांतलं काहीही तुमच्या बाळाबद्दल बोलत नाही. पिंगळा उंदीर आणि किडे शोधत असतो. तुळस बहुधा जास्त पाण्याने किंवा उन्हाने जाते. आणि हे उलटंही खरं, कोकिळा ओरडली म्हणून तपासणी चुकवायची नाही. झाडं-पाखरं भविष्य सांगत नाहीत, ती सोबत करतात. मन फारच घाबरलं की हे तीन प्रश्न कागदावर लिहून उत्तरं द्या: आत्ता मला काय दिसतंय? त्याचा साधा अर्थ काय? बाळाची हालचाल आज कशी आहे? तिसऱ्याचं उत्तर ठीक नसेल तर पहिली पायरी पुन्हा वाचा.

आणि भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल, खाणं-झोप तुटली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गरोदरपणातही नैराश्य येतं आणि त्यावर उपाय आहेत. सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. पिंपळ यात कमी पडला असं कुणी मानू नये.

पायरी ७: अंथरुणाला खिळल्या असाल तर

पलंग खिडकीशी लावून घ्या, डोकं अशा बाजूला की आडवं होऊन आभाळ दिसेल. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलेलं असतं, तेव्हा डाव्या बाजूला खिडकी आली तर फार बरं. घरातल्या कुणालातरी रोज एक वस्तू आणायला सांगा: बकुळीचं फूल, पिंपळाचं पान, कवठी चाफा, चिंचेचं बोटूक.

आणि एक परडी पेरा. नवरात्रात घटाभोवती करतो तशीच, नवरात्र नसलं तरी. गहू रात्रभर भिजवा, उथळ परडीत माती पसरून त्यावर दाट पेरा, वर पातळ मातीचा थर द्या, रोज थोडं पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांत पांढरे कोंब वर येतात, नऊ दिवसांत हिरवीगार रुजवण तयार. लहानपणी मी दुसऱ्याच दिवशी बोटाने माती उकरून पाहिली होती आणि आजीने हात धरला होता: "उकरायचं नाही. त्याला कळतं कधी यायचं ते." माती मात्र दुसऱ्या कुणाला हाताळू द्या, किंवा हातमोजे घालून नंतर साबणाने हात धुवा. मांजरांच्या विष्ठेतून मातीत जाणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पोटातल्या बाळाला बाधू शकतो.

पायरी ८: आठवड्यातून एकदा थोडं लांब

अंगात त्राण असेल तरच. माझा नियम होता, जिथे नाव नोंदवलंय त्या दवाखान्यापासून अर्ध्या तासापलीकडे जायचं नाही.

सगळ्यांत सोयीचं मला एम्प्रेस गार्डन वाटलं. सपाट वाटा, बसायला बाक आणि इतके जुने, थोर वृक्ष की मान वर करून शेंडा शोधावा लागतो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, तिथे वाहतं पाणी आणि त्यातले रंगीत मासे पाहत बसावं, पण सकाळी लवकर. विद्यापीठाच्या आवारातल्या वडांखाली पहाटे फार शांत वाटतं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे आठव्या शतकातलं, अखंड खडकात कोरलेलं लेणं. भर उन्हाळ्यातही आत गारवा असतो. पायऱ्या सावकाश उतरा, कुणाचा तरी हात धरून. दगडाच्या पोटात बसून बाहेरचा उजेड पाहताना मला पोटातल्या बाळाची जागा कशी असेल ते थोडं कळल्यासारखं झालं.

वेताळ टेकडी आणि पर्वती मात्र शेवटच्या महिन्यांत खालूनच नमस्कार करून सोडा. या दिवसांत सांधे सैल झालेले असतात, तोल पुढे गेलेला असतो आणि टेकडीवरचा मुरूम पायाखालून सरकतो. टेकडी तुमची वाट पाहील.

डोहाळजेवणाचंही जाता जाता सांगते. आपल्या बायका पूर्वीपासून गर्भारशीला बागेत, झोपाळ्यावर, नावेत, चांदण्यात बसवून ओटी भरत आल्या आहेत, अंगावर फुलांचे दागिने घालून. आता त्याचे थर्माकोलचे देखावे होतात. जमलं तर खरंखुरं करा: पौर्णिमेच्या आसपास गच्चीवर सतरंजी टाका, पाच जणींना बोलवा, मोगरा माळा. माझं तसंच झालं, आणि त्या रात्री मी सलग सहा तास झोपले.

पायरी ९: घरातल्यांनी काय करायचं

पुण्यातल्या जुन्या झाडांवर राखी धनेश दिसतो. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. मग कितीतरी आठवडे नर वड, पिंपळ, उंबराची फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. तो फक्त येत राहतो. नवऱ्यांना, सासवांना, आयांना माझं एवढंच सांगणं आहे: 'घाबरू नकोस' म्हणू नका, सोबत जा, स्टूल उचला, गप्प बसा, पाण्याची बाटली भरा.

पायरी १०: तारीख उलटून गेली तर

डॉक्टरांनी दिलेली तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून चाळीस आठवडे. अगदी त्या दिवशी येणारी बाळं फार थोडी. नातेवाइकांचे 'झालं का?' असे फोन नवऱ्याकडे वळवा. तपासण्या मात्र सांगितलेल्या दिवशीच करा. कळा सुरू करायचं औषध द्यावं लागलं किंवा सिझेरियन करावं लागलं, तर तुम्ही काही चुकलात असं मानू नका. माझी तारीख जाऊन सहा दिवस झाले होते. मृगाचा पाऊस दोन दिवस आधी पडून गेला होता, पिंपळाखालची धूळ बसली होती. मी नेहमीसारखी जाऊन आले, दुपारी कळा सुरू झाल्या.

दवाखान्याच्या पिशवीत झाडाचं एक वाळलेलं पान ठेवा, फाइलच्या प्लास्टिकमध्ये सपाट राहतं. प्रसूतीच्या खोलीत खिडकी असेलच असं नाही. दोन कळांच्या मधे मी डोळे मिटून तीच पूर्वेकडची फांदी पाहत होते आणि सहा आकडे मोजत श्वास सोडत होते.

पायरी ११: बाळाला झाडाकडे न्या

सव्वा महिना झाला की, डॉक्टरांनी सांगितलेलं लसीकरण आणि हवा दोन्ही पाहून, सकाळी दहा मिनिटं न्या. आम्ही जुलैच्या शेवटी गेलो. पावसाची उघडीप होती, टोपडं-झबलं घालून, दुपट्यात गुंडाळून, छत्री सोबत घेऊन. मावशी झाडत होत्या. खराटा बाजूला ठेवून त्यांनी आधी नळावर हात धुतले, पदराला पुसले, आणि मग जवळ येऊन विचारलं, "काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं.

त्यांनी नेहमीचा कोपरा दाखवला. तो ओला होता म्हणून त्यावर गोणपाट टाकलं.